बाबांची चौदा हजार पावलं

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, कारण एकदा मी सुरू झालो की तो तसाच राहणार.

माझी फजिती तुम्हाला नवीन नाही म्हणा. पण ही गोष्ट मी आजवर आपणहून कुणाला सांगितली नाही. लाज वाटते, हे तर आहेच. शिवाय सांगायची वेळही आली नाही. आमच्या सोसायटीतल्या तीसेक लोकांनी ती क्लबहाउसमध्ये बसून, बिस्किटं खात, प्रत्यक्ष पाहिली आहे!

आई गेली आणि बाबांना आम्ही वर्ध्याहून पुण्याला आणलं. वारज्यात आमचा टू बीएचके. मी सकाळी आठला हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये चढतो आणि परत येतो तेव्हा बाबांचं जेवण उरकलेलं असतं. बायको, स्मिता, कर्वेनगरला कॉलेजात शिकवते, ती दुपारी घरी येते.

बाबा वीज खात्यातले. चौतीस वर्षं मीटर तपासणी. घरोघरी जाऊन मीटर बरोबर फिरतंय की नाही ते बघायचं.

आणि मी काय करतो? मीही मोजण्याच्याच धंद्यात. कारखान्यांतल्या यंत्रांना सेन्सर लावलेले असतात, त्यांचे आकडे मी स्क्रीनवर रंगीत आलेखात दाखवतो. ती यंत्रं मी कधी पाहिलेली नाहीत. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट नक्की काय बनवतो, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. दारांच्या बिजागऱ्या! पण आलेख बघून मी त्या यंत्रांच्या तब्येतीविषयी तासभर बोलू शकतो.

तर बाबांची शुगर थोडी वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी म्हटलं, नुसतं चाला काय? मोजून चाला! मी एक फिटनेस बँड घेऊन आलो. डाव्या मनगटावर बाबांचं जुनं किल्लीचं घड्याळ, ते काही काढेनात. मग बँड उजव्या हातात.

"हे काय होय?" बाबांनी विचारलं.

"हे तुमची पावलं मोजतं."

"मग पायाले बांध. हाताले कायले बांधून राहिला?"

"बाबा, चालताना हात हलतो ना? त्यावरून त्याला कळतं."

"हात हलला म्हणजे माणूस चालला?"

"तसंच समजा."

"बरं," बाबा म्हणाले. आमचे बाबा 'बरं' म्हणाले की वाद संपला असं मी समजायचो. आता समजत नाही.

बाबांची पावलं माझ्या फोनवर दिसायची. पहिल्या महिन्यात दोन हजार, अडीच हजार. मग चार. मग सात. तिसऱ्या महिन्यात दहा पार! अहो, आलेख असा चढत होता की आमच्या मॅनेजरने पाहिला असता तर फ्रेम करून लावला असता. मी रोज दुपारी कँटीनमधून फोन करायचो.

"बाबा! जेवणाच्या आतच सहा हजार! कमाल करता हं!"

"हाव," बाबा म्हणायचे. "चालू आहे आपलं."

एक दिवस आकडा घसरला. अडीच हजार फक्त. मी मीटिंग सोडून बाहेर आलो.

"बाबा, आज काय झालं? बसून राहिलात वाटतं?"

पलीकडे पेपर सरकल्याचा आवाज. मग बाबा म्हणाले, "बरं. वाढवतो."

दुसऱ्या दिवशी अकरा हजार! बापाला शिस्त लावली म्हणून मी त्या दिवशी कँटीनमध्ये दोन गुलाबजाम खाल्ले.

घरात त्याच सुमारास बाबांमध्ये काही बदल दिसायला लागले. बटणांचे शर्ट त्यांनी बंद केले, टी-शर्ट मागितले. मी म्हटलं, वा, खेळाडू झाले! मग दाढी करणं सोडलं. मी म्हटलं, स्टाइल! फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, 'वानखडे साहेब, नवीन अवतारात'. आमटी चमच्याने खायचे ते वाटी तोंडाला लावून प्यायला लागले. मी म्हटलं, चालून चालून भूक वाढलीय. चाल मंदावली, तर मी स्मिताला समजावलं की एवढा व्यायाम केल्यावर स्नायूंना आराम लागतो.

स्मिता म्हणाली, "मंगेश, बाबांचं काहीतरी बिनसलंय. तू एकदा त्यांच्याजवळ नीट बस."

"अगं, दिवसाला चौदा हजार पावलं चालणाऱ्या माणसाचं काय बिनसणार?"

"पण मी घरी असते तेव्हा मला ते चालताना दिसत नाहीत रे."

"ते तुला दिसणार नाही. ॲपमध्ये दिसतं."

हे वाक्य मी बोललोय. हसू नका. स्मिता ते अजून महिन्यातून एकदा तरी मला ऐकवते, आणि माझी मान खाली जाते.

आता यात सोसायटीने उडी घेतली. ज्येष्ठ नागरिकांसाठी 'पाऊल स्पर्धा' जाहीर झाली. महिनाभर रोजचा आकडा ग्रुपवर टाकायचा. मी बाबांना न विचारता त्यांचं नाव दिलं. दहाव्या दिवशी बाबा पहिले. दुसऱ्या नंबरवर दामले काका, वय पंच्याहत्तर, बँकेतून निवृत्त, रोज दोन तास खालच्या बागेत फेऱ्या मारणारे. दोघांत पाच हजारांचा फरक!

दामले काकांचा ग्रुपवर मेसेज आला. 'श्री. वानखडे यांचे अभिनंदन. काल त्यांनी चौदा हजार पावले टाकली. ती नक्की कुठे टाकली हे कळल्यास आम्हीही तिथे जाऊ.'

मी उत्तर दिलं, 'मनात जिद्द असली की जागा लागत नाही.' खाली सत्तावीस अंगठे आले. मला वाटलं, जिंकलो.

रात्री दामले काका दारात.

"आत या ना काका."

"नको. आत आलो तर चहा घ्यावा लागेल. मी फक्त माहिती द्यायला आलोय. मी सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी पाच ते सहा बागेत असतो. आपले वडील मला वर बाल्कनीत दिसतात. सकाळी पेपर वाचत. संध्याकाळी तोच पेपर वाचत."

"अहो, ते घरात चालतात."

"घर केवढं आहे आपलं?"

"टू बीएचके."

"म्हणजे घरातल्या घरात ते रोज स्वारगेटला पोचतात. येताना भाजी आणायला सांगत चला."

"काका, यंत्र खोटं बोलत नाही!"

"यंत्र बोलतच नाही, मंगेशराव. बोलताय तुम्ही. मला एवढंच सांगा, तो पट्टा तुम्ही पंख्याला बांधता की मिक्सरला?"

आता मला सांगा, तुमच्या बापावर कुणी असा आळ घेतला तर तुम्ही काय कराल? मीही तेच केलं. माझा आवाज तीन मजले खाली ऐकू गेला. जाहीर चाचणी होऊन जाऊ द्या, रविवारी अकरा वाजता, क्लबहाउसमध्ये, सगळ्यांसमोर! आणि बाबा खरे ठरले तर तुम्ही लेखी माफी मागायची!

"मी शुद्धलेखन तपासून आणतो," दामले काका म्हणाले आणि जिना उतरले.

बाबा आत पलंगावर बसून सगळं ऐकत होते. उजवा हात उशीखाली.

"मंग्या, नाव काढून घे माझं."

"का? घाबरायचं काय त्यात?"

"घाबरून नाही राहिलो. पण हा पट्टा चालणं मोजत नाही रे."

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. आत तीन दिशांचा सेन्सर असतो."

बघा हं. ज्या माणसाची हयात मीटर तपासण्यात गेली त्याला मी सांगतोय, तुम्हाला मोजण्यातलं कळत नाही!

बाबा म्हणाले, "कधी कधी घर बंद असते. माणसं गावाले गेलेली असतात. अन् मीटर फिरत असते. आम्ही काय म्हणायचो माहीत आहे का, कुठंतरी आत गळती आहे, भिंत उघडून पाहा."

"तुमच्या वेळची मीटरं जुनी होती, बाबा," मी म्हटलं. "हे डिजिटल आहे."

"बरं," बाबा म्हणाले.

रविवार उजाडला. मी काय थाट केला होता म्हणून सांगू! क्लबहाउसच्या मोठ्या टीव्हीला माझा फोन जोडला. बाबांचा आकडा हातभर उंचीचा, हिरव्या रंगात, शून्यावर आणलेला. खुर्च्या भरल्या. सेक्रेटरी मॅडमनी चहा-बिस्किटं ठेवली होती. दामले काका पहिल्या रांगेत, खिशाला पेन. बाबा टी-शर्टमध्ये, उजवा हात खिशात.

पहिली चाचणी चालण्याची. बाबांनी शंभर पावलं टाकायची आणि सगळ्यांनी मोजायची. "एक! दोन! तीन!" तीस तोंडं एका सुरात, आरतीसारखी. बाबा हळूहळू चालतायत, पाय जरा घासतायत, हात खिशात तसाच. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर! टाळ्या! टीव्हीवर आकडा किती?

एकतीस.

कुजबुज सुरू झाली. दामले काकांनी पेनाचं टोपण काढलं. आणि मी, मित्रहो, मी काय करावं? मी आनंदाने उडी मारली!

"पाहिलंत? यंत्र कमी दाखवतं! शंभराची एकतीस! म्हणजे रोजची चौदा हजार खरं तर पंचेचाळीस हजार आहेत!"

"मग ते लोणावळ्याच्या दिशेनेही जाऊन येत असणार," दामले काका म्हणाले. हशा पिकला. मीही हसलो. बाबा हसले नाहीत.

दुसरी चाचणी बसण्याची. पाच मिनिटं नुसतं बसायचं. आकडा हलता कामा नये. मी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "बाबा, हात मांडीवर ठेवा. खिशात नको, लोकांना दिसला पाहिजे."

"मंग्या..."

"ठेवा ना, बाबा. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

बाबांनी हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. सेक्रेटरी मॅडमनी वेळ लावली. तीसच्या तीस डोकी टीव्हीकडे.

एकतीस. एकतीस. एकतीस. मी सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

चाळीस.

पंचावन्न. शहाऐंशी. एकशे वीस.

"अहो, हे बसल्याबसल्या निघाले!" मागून कुणीतरी ओरडलं. एकच हशा. "कोथरूड आलं!" "डेक्कन आलं!" बिस्किटं हातातच राहिली लोकांच्या.

मी धावत जाऊन बँड काढला आणि माझ्या हातात घातला. बसलो. आकडा ढिम्म. दामले काकांच्या हातात घातला. ढिम्म. पुन्हा बाबांच्या हातात घातला, की सुटला! दोनशे, दोनशे चाळीस, तीनशे! जितके लोक हसतील तितका तो पळतोय! माझ्या डोक्यात काय चाललं होतं ठाऊक आहे? ब्लूटूथ! मला वाटलं, ब्लूटूथमध्ये गडबड आहे. मी बँड पुन्हा काढून माझ्या हाताने बापाच्या मनगटावर बांधला हो, ते मनगट माझ्या बोटांत होतं, आणि माझे डोळे टीव्हीवर होते.

सगळ्या खोलीत एकच माणूस टीव्हीकडे बघायचा थांबला होता. दामले काका. ते उठले. पेन खिशाला लावलं. बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि बाबांच्या उजव्या हातावर आपले दोन्ही हात ठेवले, घट्ट.

टीव्हीवरचा आकडा थांबला.

आणि मी ओरडलो, "काका, हात लावू नका! रीडिंग बिघडतंय!"

हसायचं कुणाला सुचलं नाही. दामले काका माझ्याकडे बघत होते. त्या माणसाला मी टोमण्याशिवाय बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मंगेश, टीव्ही बंद कर. आणि इकडे बघ."

मी बघितलं. त्यांनी आपले हात उचलले. बाबांचा हात मांडीवर होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, गोळी वळावी तशी, आणि मनगट थरथरत होतं. थांबत नव्हतं. बाबा त्या हाताकडे बघत होते, जसा तो शेजाऱ्याचा असावा.

आता मला सांगा, मी कुठे तोंड लपवू?

लोक एकेक करून गेले. कुणी काही बोललं नाही, आणि पुण्यात कुणी काही बोललं नाही म्हणजे विचार करा! घरी आल्यावर मी बाबांसमोर जमिनीवर बसलो.

"बाबा, कधीपासून?"

"तू पट्टा आणला तेव्हा थोडं होतं. अंगठाच हलायचा फक्त. मग वाढत गेलं."

वाढत गेलं! तो चढता आलेख! ज्याच्यावर मी गुलाबजाम खाल्ले!

"मला सांगायचं ना..."

"सांगणारच होतो. एक दिवस हात दाबून बसलो दिवसभर, पेपरखाली. म्हटलं आता हा विचारंल. तर तुझा फोन आला, बसून राहू नका म्हणून. मग दुसऱ्या दिवशी सोडून दिला हात."

"पण का, बाबा?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुझी आई गेल्यावर तू मले रोज फोन करत नव्हता. हा पट्टा आल्यावर कराले लागला. खुशीत राहायचा. म्हटलं, हलते तर हलू दे."

स्मिता दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं कर्वेनगरला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होत्या, शांत. त्यांनी बाबांना उठायला लावलं, चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक ओळ लिहायला लावली. अक्षर मुंगीएवढं! आजार पार्किन्सन्सचा वाटतो, म्हणाल्या. औषधं आहेत, घाबरू नका, पण चार महिने आधी आला असतात तर बाबांचे चार महिने सोपे गेले असते.

मी काहीतरी केलं पाहिजे ना? मी फोन पुढे केला. "डॉक्टर, माझ्याकडे त्यांचा चार महिन्यांचा डेटा आहे. रोजचा. तासातासाचा."

त्यांनी फोन हातात घेतला. आलेख वरपासून खालपर्यंत पाहिला, मग तो टेबलावर पालथा ठेवला आणि मलाच विचारायला लागल्या.

"त्यांना वास येतो का नीट?"

मी बाबांकडे बघितलं. स्मिता म्हणाली, "नाही. परवा दूध करपलं, शेजारच्यांना कळलं, बाबांना नाही."

"झोपेत ओरडतात का, हातपाय झाडतात का?"

"हो," स्मिता म्हणाली. "भिंतीतून ऐकू येतं."

मला कधीच ऐकू आलं नव्हतं. मी कानात हेडफोन घालून झोपतो. झोप नीट लागते, असं माझं ॲप सांगतं.

"कुशीवर वळायला त्रास होतो? आवाज बारीक झालाय? बटणं कोण लावतं?"

प्रत्येक प्रश्नाला मी तोंड उघडत होतो आणि स्मिता उत्तर देत होती. बाबा मध्येच म्हणाले, "त्याले कायले विचारता, डॉक्टर. तो कामात असते." माझी बाजू घेत होते हो! तिथेसुद्धा!

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. ती स्मिताच्या हातात दिली. मग माझा फोन मला परत देताना अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. लांबून एवढंच करता येतं. माझे बरेच पेशंट असेच आहेत, मुलं तिकडून फोनवर बघत असतात. तुम्ही कुठे असता? अमेरिकेत?"

मी म्हटलं, "नाही, डॉक्टर. शेजारच्या खोलीत."